हळदीच्या पेठेतलं वाडग्याचं हॉटेल

रहिमतपूरचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, रानात आहे. गाडीच्या बरंच आधी माणसं येऊन बाकावर बसतात आणि एकमेकांना कुठं निघालात ते विचारतात. काशीला आणि बद्रीकेदारला गेलो होतो तेव्हा मी या प्रश्नाचं उत्तर चार बाकांवर ऐकू जाईल असं दिलं होतं. ती वर्णनं आपल्या साप्ताहिकात आली, काहींनी वाचलीही असतील. या खेपेला सांगलीपर्यंतच जायचं होतं, आणि मी आवाज खाली आणला.

"सांगली," मी म्हणालो.

"काय काम काढलं गुरुजी?"

"हळदीचा भाव बघून येतो."

माझ्या रानात ऊस आहे, हळदीचं एक कांडं नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं. तो "बरं बरं" म्हणाला आणि रुळांकडे बघत बसला. मी कुणाकडे निघालोय ते त्याला कळलं असावं. गावात कळत नाही असं काही नसतं, फक्त बोलायचं नसतं.

ते आता लिहितो. दिलीप माझा मुलगा, दोन मुलींच्या पाठचा. भरतीसाठी बेळगावला गेला, छातीत कमी भरला, आणि परत यायची लाज वाटून तिथल्याच एका लंगरखान्यात (जवानांच्या सामायिक स्वयंपाकघरात) कामाला राहिला. "जवान व्हायला गेला आन् आचारी होऊन आला," असं आमचे बापूतात्या, म्हणजे भावकीतले वडीलधारे, चारचौघांत म्हणाले. मी हसलो होतो. पुढं दिलीपनं मिरजेच्या सुजाताशी लग्न केलं. तिचं घर बौद्ध. मी लग्नाला गेलो नाही. दोघांनी सांगलीत हॉटेल काढलं, तिथंही गेलो नाही. मुलगी झाल्याचं पत्र आलं, ते बायकोनं वाचलं. मी तिचं नावही विचारलं नाही.

मग एका पहाटे शिरवळजवळ त्याचा टेम्पो उलटला आणि तो जागीच गेला. खिशातल्या लायसनवर गावचा पत्ता होता, म्हणून त्याला गावी आणलं. सुजाता लेकीला कडेवर घेऊन दुपारी आली. ती अंगणातल्या शेवग्याखाली बसली. तिला आत बोलव असं बायकोनं मला डोळ्यांनी सांगितलं. भावकी बसलेली होती. मी काही बोललो नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती निघून गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. अशा वेळी मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं आपल्याकडे धरतात, आणि जवळच्या माणसानं पुढं होऊन त्याला वचन द्यायचं असतं. भटजी म्हणाले, "गुरुजी, म्हणा, तुझ्या बायकापोरीला मी बघतो. त्यातच अडकलाय तो." मी मागं वळून पाहिलं. बापूतात्या माझ्याकडेच बघत होते. ऊन चढत गेलं. मी तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही आंघोळी करून घरी आलो.

बायका नदीवर येत नाहीत, पण नदीवर काय झालं ते त्यांना आपल्याआधी कळतं. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं बायकोनं सांगितलं.

"आवं, सैपाक मी करीन. पर भावकीला वाढनार न्हाई. आदी सांगलीला जावा आन् तिला सांगा, नदीवर तुमी काय बोलला न्हाईसा ते."

म्हणून निघालो होतो.

पॅसेंजरला गर्दी नव्हती. समोर तारगावचे एक पेन्शनर सुभेदार येऊन बसले. मिशी पिळदार, पिशवीत मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद. कराड सोडल्यावर दोन्ही अंगांना ऊसच ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, फाटकाशी थांबलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. सुभेदारांनी डबा उघडला, भाकरीचा चतकोर माझ्यापुढं केला आणि विचारलं, "दुपारचं जेवन कुठं?"

"बघू कुठंतरी."

"मग वाडग्याच्या हॉटेलात जावा. मार्केट यार्डाच्या मागं हाय. अगदी आमच्या लंगरावानी. वाडगं घ्यायचं, लायनीत ऱ्हायाचं, आपलं आपुन भरायचं. भात घ्या, कण्या घ्या, वर काय वतायचं ते वता. वाढपी न्हाई, टिप न्हाई, कुनाची मेहेरबानी न्हाई." मग ते थोडे पुढं वाकले. "बाई चालवती. आपल्यातली न्हवं."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"म्हंजे आमाला त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "लंगरात कुना-कुनाच्या हातचं खाल्लं त्याचा हिशेब हाय का? पर एक करा गुरुजी. गावात म्हनू नका, सुभेदारानं सांगितलं म्हनून."

ते स्वतःच हसले. तेव्हा मी सांगायला हवं होतं, की ती बाई माझी सून आहे. ताकारी गेलं, भिलवडी गेलं. मी त्यांची भाकरी खाल्ली आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी केली.

सांगलीला उतरल्यावर रिक्षा केली. रिक्षावाला बोलका होता. हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) बघून जा म्हणाला. "आत हवा मरती बघा. पेव उघडलं की आदी कंदील सोडायचा खाली. विझला तर मानूस उतरत न्हाई. काय जन घाई करत्यात, मग त्यास्नीच दोरानं वर काढाय लागतंय." एखाद्या गावात ऊन कडक असतं असं सांगावं, तसं त्यानं हे सांगितलं.

यार्डाच्या मागच्या गल्लीत शिरताच वास आला. हळदीचा वास घरात असतो तो वेगळा, चिमटीतला. इथं तो घशात बसतो. पोत्यांवर, भिंतींवर, हमालांच्या पापण्यांवर पिवळी धूळ. एका पत्र्याच्या शेडवर रंगवलेली पाटी होती: 'आपलं वाडगं, आपल्या हातानं'. अक्षर दिलीपचं होतं. 'ड'ला खाली जास्तीचा वळसा द्यायची त्याची सवय मी पट्टी मारूनही घालवू शकलो नव्हतो.

आत लांबट टेबलं, भिंतीवर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर. त्यांच्याखाली दिलीपचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. मी एका बाकावर बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वाट बघू लागलो.

आता हे लिहिताना हसू येत नाही, पण लिहायला पाहिजे. मी वाट बघत होतो ती कुणीतरी वाढायला येईल म्हणून. पाटी वाचली होती, सुभेदारांनीही सगळं सांगितलं होतं. तरी पंचावन्न वर्षांची सवय, बसलं की पान पुढं येतं. आईनं वाढलं, बहिणींनी वाढलं, बायकोनं वाढलं. घरातलं वगराळं (रस्सा वाढायचा खोलगट डाव) कुठल्या खुंटीला असतं हे मला सांगता आलं नसतं. लोक येत होते, वाडगी भरून नेत होते, खाऊन उठत होते, आणि मी बसूनच होतो. शेडच्या टोकाला चुलीपाशी सुजाता भाकरी थापत होती. तिनं एकदा मान वर केली. मला बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा परातीवर वाकली.

शेवटी शेजारच्या हमालानं कोपर मारलं. "आवं पावनं, लगीन हाय व्हय हितं? कोन आनून देत न्हाई. उठा की."

मी उठलो. वाडग्यांचा ढीग होता, स्टीलची मोठी वाडगी. वरचं उचललं तर एका बाजूनं चेपलेलं होतं. ठेवून दुसरं घेतलं, तेही चेपलेलं. तो हमाल मागंच उभा होता.

"निवडू नका, समदी तसलीच हायती," तो म्हणाला. "मालक पुन्याहून घेऊन येत हुते तवा टेम्पो पलटी झाला. मालक गेलं, वाडगी ऱ्हायली. बाईनं बदलली न्हाईत. आमी बी काय बोलत न्हाई. पोच्यात जरा रस्सा कमी बसतोय एवढंच."

त्याचं नाव महादू. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं मला ओळीत पुढं ढकललं. पहिल्या पातेल्यात भात, दुसऱ्यात कण्या (भरडलेल्या ज्वारीचा मऊ भात), तिसऱ्या टोपलीत कुस्करलेली भाकरी. त्यापुढं अख्खा मसूर, मटकी, पिठलं. मग दही, कांदा, शेंगदाण्याची चटणी, खरडा (मिरचीचा जाडाभरडा ठेचा). प्रत्येकात एकेक डाव. आधी काय, नंतर काय, किती, मला काहीच कळेना. भातावर दही घातलं, त्यावर मसूर ओतला, त्यावर पिठलं. रस्सा काठावरून मनगटावर आला आणि तिथून बाहीत गेला.

"पावनं," महादू म्हणाला, "वाडगं हाय त्ये, हीर न्हवं."

ओळीतले लोक हसले, वाईट नाही. त्यांनाही पहिल्या दिवशी असंच झालं असेल. मी तिथंच उभा राहिलो. मला एवढंच कळत होतं की या ओळीत दिलीप रोज उभा राहिला असेल, आणि त्यानं काय घेतलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. तो माझ्या शेजारी पाटावर बसून अठरा वर्षं जेवला. त्याच्या ताटात काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. तो बोलायला लागला की मी "जेवताना बोलू नये" म्हणत असे.

माझं ते वाडगं मी सगळं संपवलं. ते खाण्यासारखं नव्हतं.

दुपार उलटली, यार्डाचा भोंगा झाला आणि शेड रिकामं झालं. सुजाता वाडगी विसळत बसली. मी जाऊन समोर उभा राहिलो. तिनं स्टूल दाखवलं.

"बसा गुरुजी."

मामा म्हणाली नाही. सासऱ्याला मामा म्हणतात. गुरुजी मला सगळा तालुका म्हणतो.

"आई बऱ्या हायत का?" तिनं विचारलं.

"बरी आहे. तिनंच पाठवलंय."

"ते कळलंच."

मी सांगितलं. नदी, पिंड, बाभळीवरचे कावळे, भटजींचं वाक्य, बापूतात्यांची नजर, दर्भ. काही गाळलं नाही. ती विसळत होती, हात थांबले नाहीत. शेवटी मी म्हणालो, "ते वाक्य आज तुला सांगायला आलोय. तुम्हा दोघींना मी बघीन."

"म्हंजे काय करनार?"

वर्गात मुलाला प्रश्न विचारावा आणि त्यानं छताकडं बघावं, तसं मी वर पत्र्याकडं बघितलं.

"गुरुजी, आमी आमच्या पद्धतीनं पुण्यानुमोदन केलं. त्यात कावळा नसतोय. त्यांचा जीव कुठं अडकला नव्हता, तुमचा अडकलाय." तिचा आवाज चढला नाही. "आन् मला सांगून काय उपेग? मी त्या दिवशी अंगनातच हुते की. तुमी गप बसलाय ते मी बघितलंय. ज्यांच्या भ्यानं गप बसला त्यांच्यापुढं बोला. हितं वाडग्यांपुढं बोलून काय व्हनार?"

मग तिनंच विचारलं, "दहाव्याच्या ताटात काय ठेवलंतं?"

"भात, वडे, खीर. बायकोनं डब्यात कण्या दिल्या होत्या. बापूतात्यांनी बाजूला ठेवायला लावल्या. दुष्काळातलं खाणं, भावकीत शोभत नाही म्हणाले."

तिनं पहिल्यांदा हात थांबवले.

"कण्याच खायाचे ते," ती म्हणाली. "खाली कण्या, वर मसूर. कांदा न्हाई. खरडा एका कडंला, कालवायचा न्हाई, शेवटाला बोटानं चाटायचा. आईंनी केल्यावानी कण्या मला येत न्हाईत म्हनून रोज बोलायचे. हे हॉटेल काढलं ते त्यापायीच. म्हनायचे, घरी जे ताटात पडंल ते खाल्लं, आता मानसानं आपल्या मनाचं खावं."

पायाशी विसळलेल्या वाडग्यांत पाणी डुचमळत होतं.

"मुलगी कुठं आहे?"

"शाळेत."

"नाव काय तिचं?"

तिनं हातातलं वाडगं खाली ठेवलं. "प्रज्ञा. तुमचंच आडनाव लावलंय. विचारती मला, बाबाचं गाव कुठलं. मी सांगते, रेल्वेलाईनीवरच हाय, गाडी थांबती तिथं. एक दिस ती उतरंल तिथं, गुरुजी. मी आले न्हाई तरी ती येनार. मला बघू नका, माझं हॉटेल चालतंय. तेवढं, ती आली की तिला अंगनात बसवू नका."

शाळा सुटेपर्यंत थांबू का, असं विचारायचं माझ्या मनात होतं. तिनं थांबा म्हटलं नाही. निघताना मी ढिगातलं एक चेपलेलं वाडगं मागितलं, बायकोला दाखवीन म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली. "एक वाडगं कमी पडलं की एक गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय."

परतीच्या गाडीत ऊस कापलेली रानं दिसत होती, पाचट पेटवलेलं, काळं पडलेलं. प्रवासात मी नेहमी टिपणं काढतो, मुक्कामाला काय मिळालं, कुठं काय बघावं. त्या दिवशी काढली नाहीत. माणूस तीर्थाला जातो तेव्हा पाप तिथं सोडून यायचं असतं, अशी आपली समजूत. सुजातानं माझं मला परत देऊन पाठवलं होतं, आणि कुठं नेऊन टाकायचं ते सांगितलं होतं. स्टेशनवर तोच सकाळचा माणूस भेटला. "काय भाव निघाला हळदीचा?" म्हणाला.

"सुनेकडं गेलो होतो," मी म्हणालो. तो चालता चालता थांबला. मी गावात शिरायच्या आधीच बातमी शिरली असणार.

बायकोला सगळं सांगितलं. नात शाळेत होती म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "कण्या भरडाय घेते."

वर्षश्राद्धाला अंगणात पंगत बसली, त्याच शेवग्याखाली. पत्रावळी मांडल्या. बायको ठरल्याप्रमाणे चुलीपाशीच राहिली. बाकीच्या बायकाही तिच्याकडे बघून उठल्या नाहीत. माणसं इकडं तिकडं बघू लागली. मी कण्यांचं पातेलं उचललं. वगराळं तिनंच हातात दिलं. कुठल्या खुंटीला होतं ते तेव्हा कळलं.

"आवं, तुमी वाढनार?" कुणीतरी म्हणालं. "गुरुजी, बायका संपावर गेल्या का काय?"

हसण्याची लाट आली आणि गेली. मी पातेलं खाली ठेवलं नाही.

"दहाव्याला नदीवर बोलायचं होतं ते बोललो नाही," मी म्हणालो. "आता बोलतो. सुजाता माझी सून आहे. प्रज्ञा माझी नात आहे. त्या येतील तेव्हा घरात येतील आणि या पंगतीत बसतील. ज्याला चालणार नाही त्यानं आत्ताच सांगावं."

कुणी सांगितलं नाही. आमच्यात सांगत नाहीत. मीही सांगितलं नव्हतं. टोकाचे दोघे पाणी पिऊन येतो म्हणून उठले, ते आले नाहीत. मी पहिल्या पानावर गेलो. तिथं बापूतात्या बसले होते. मी वाकलो, वगराळं भरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले, पोट भरल्यावर धरतात तसे, आणि त्यांच्या पानावर अजून काहीच वाढलेलं नव्हतं.

मी भरलेलं वगराळं पातेल्यात परत ओतलं. मग पुढच्या पानावर गेलो.